पाचव्याची हवा

१

माय मरो आणि मावशी जगो, ही म्हण ज्याने कुणी पहिल्यांदा उच्चारली, त्याला ती एवढ्या लांब येऊन खरी ठरेल असं स्वप्नातही वाटलं नसेल. माय म्हणजे पृथ्वी. भरल्या हवेची, जिच्या अंगणात श्वासाचा कुणी विचारसुद्धा करत नाही अशी. ती मागे राहिली होती. इथे, या दुसऱ्या ग्रहावर, माणसांना जगवत होतं ते एक यंत्र, आणि त्या यंत्राला वस्तीतले सगळे मावशी म्हणत.

मावशीचं काम सांगायला सोपं होतं. बाहेरची हवा विरळ आणि विषारी, पण त्या विषातच प्राणवायू अडकून बसलेला. मावशी ती हवा आत ओढायची, गाळायची, दाबायची, भट्टीसारखी तापवायची आणि तिच्यातला प्राणवायू सोडवून टाकीत भरायची. उरलेला कचरा बाहेर फुंकून टाकायची. टाकीतून निघालेले नळ गल्लीतल्या एकेका खोलीत जात, आणि वापरलेली हवा दुसऱ्या नळांनी मावशीकडे परत येई. गल्ली म्हणजे खरं तर एक लांबट बोगदा, दोन्ही अंगांना खोल्या आणि टोकाला स्वयंपाकघर. पण माणूस कुठेही गेला तरी त्याला बसायला गल्ली लागतेच.

मावशीची देखभाल मिस्त्रीकडे होती. साठी उलटलेला, खांद्यात वाकलेला, बोलायला तिरकस. मुलगा आणि सून इकडे यायला निघाले तेव्हा हा म्हणाला होता, तुम्ही तिकडे श्वास घेणार कुणाच्या जिवावर, मलाही न्या. आणि आला. सकाळी उठला की चहाच्याही आधी तो मावशीच्या पोटावर तळहात ठेवायचा. समोर काटे होते, आकडे होते, पण त्याचं म्हणणं असं की काटे नुसतं खरं बोलतात, तब्येत सांगत नाहीत. खोल्यांतून जेवढी हवा वापरली जाई तेवढा जोर मावशी लावायची, आणि जोर किती आहे ते तिच्या घुमण्यावरून कळायचं. वस्तीत माणसं पाचच: मिस्त्री, मुलगा, सून, वस्तीचे प्रमुख आणि डॉक्टरीणबाई. पाच माणसांची मावशी कशी घुमते ते त्याच्या तळहाताला पाठ होतं.

वस्तीचे दोन रिवाज होते. एक म्हणजे प्रत्येक खोलीत हवा येते त्या जाळीला कापडाची एक पट्टी बांधलेली असायची, ज्याची खोली त्याच्याच जुन्या कपड्याची. पट्टी फडफडली की समजायचं, हवा येतेय. दुसरा रिवाज व्हॉल्व्हचा. प्रत्येक खोलीचा व्हॉल्व्ह आत, दाराशेजारी. खोली सोडताना तो बंद करायचा, पण तो ज्याचा त्यानेच. पूर्वी एकदा प्रमुखांनी खोली रिकामी आहे असं समजून भल्या मनाने डॉक्टरीणबाईंचा व्हॉल्व्ह बंद केला होता आणि बाई आत पांघरुणात झोपलेल्या होत्या. वाचल्या. तेव्हापासून दुसऱ्याच्या व्हॉल्व्हच्या चाकाला कुणी हात लावत नसे.

२

मिस्त्रीचा मुलगा बाहेर गेला तो पत्र्यांवरची धूळ झाडायला. सूर्याच्या उजेडावर वीज करणारे ते पत्रे, आणि त्या विजेवर मावशी. रोजचंच काम. जाताना बायकोला म्हणाला, आलोच. परतताना घसरला, पाठीवरच्या नळकांड्याची जोडणी तुटली, आणि जी हवा बाप आत बसून त्याच्यासाठी करत होता ती सगळी बाहेर उडून गेली.

मिस्त्रीने स्वतः त्याला आत आणलं. स्वतः त्याच्या डोक्यावरचं काचेचं टोपण काढलं. चेहरा नुसता दमल्यासारखा दिसत होता. दुसऱ्या दिवशी त्याला टेकडीमागे दगडांखाली ठेवलं, प्रमुखांनी दोन शब्द बोलायचा प्रयत्न केला आणि ते एकावरच थांबले. सून रडली नाही. तिच्या पोटात मूल होतं, आणि डॉक्टरीणबाई तिचा हात धरून उभ्या होत्या.

त्याच्या दुसऱ्या सकाळी मिस्त्रीने मावशीच्या पोटावर हात ठेवला. मावशी पाच जणांची घुमत होती.

त्याने हात काढला, सदऱ्याला पुसला, परत ठेवला. आकडे पाहिले. आकडे हाताच्याच बाजूने होते. वस्तीत आता चार माणसं होती आणि पाच माणसांचा प्राणवायू खर्च होत होता.

बाप म्हणून त्याला जे वाटलं ते त्याने मनातल्या मनातही नीट म्हटलं नाही. मिस्त्री म्हणून तो म्हणाला, कुठेतरी गळतंय.

३

गळती शोधायला तो साबणाचा फेस घेऊन सगळ्या नळांवरून फिरला. एकही बुडबुडा उठला नाही. सांधे बघितले, रबरं बघितली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, म्हातारं माणूस आहे, काहीतरी करत राहावं लागतं. एरवी त्या हसल्या असत्या.

मग तो प्रत्येक खोलीतून परत येणारी हवा तपासू लागला. स्वयंपाकघर ठीक. प्रमुखांची खोली ठीक. सून आता डॉक्टरीणबाईंच्या खोलीत झोपायची, तिथे दोघींचा खर्च, तोही ठीक. मुलाच्या खोलीचा व्हॉल्व्ह उघडाच राहिला होता. त्यात बिघडत काही नव्हतं, रिकाम्या खोलीत हवा जाते तशीच परत येते, कुणी खात नाही. पण त्या खोलीतून हवा जाते तशी परत येत नव्हती. ती वापरलेली येत होती. कोमट, दमट, माणसाच्या छातीतून निघते तशी.

मिस्त्री तिथे गल्लीतच खाली बसला. गळती हवा नेते, उष्टी करून परत देत नाही, एवढं त्याला कळत होतं.

सून दुपारी गुपचूप नवऱ्याच्या खोलीत जाऊन पडत असेल, असं त्याने स्वतःला समजावून पाहिलं. पण माणसाने खोली बदलली म्हणून त्याचे श्वास दुप्पट होत नाहीत. ती इथे आली तर तिथला खर्च उतरायला हवा. तो उतरत नव्हता. मन वकिलासारखं एकेक मुद्दा पुढे करत होतं आणि आकडे एकेक मुद्दा फेटाळत होते.

शेवटी तो दार उघडून आत गेला. दोन पलंग एकमेकांना जोडलेले. सुनेच्या पलंगावर नुसती गादी, मुलाच्या पलंगावर पांघरूण, जसं टाकून गेला तसं. पलंगाखाली सपाता. भिंतीतल्या गोल खिडकीच्या काचेवर आतून वाफ धरलेली. जाळीला मुलाच्या निळ्या चौकटीच्या सदऱ्याची पट्टी बांधलेली होती.

जाळीतून हवा फक्त आत येते. त्यामुळे पट्टी नेहमी एकाच दिशेला, खोलीच्या बाजूला फडफडते. ही पट्टी खोलीच्या बाजूला आली, हळूच थांबली आणि मागे जाळीकडे गेली. मग परत पुढे आली. पुन्हा मागे. घाई नाही, धडपड नाही, गाढ झोपलेल्या माणसाची छाती हलते त्या लयीत.

मिस्त्रीच्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी, लाज वाटावी इतका, त्याचा जीव भांड्यात पडला. तो दार लोटून बाहेर आला आणि कुणाला काही बोलला नाही. रोज मावशीच्या पोटावर हात ठेवायचा, पाचव्याची घरघर ऐकायचा, आणि म्हणायचा, चालू दे मावशी.

४

मग धुळीचा मोसम आला. इथली धूळ आली की जायचं नाव घेत नाही. भरदुपारी दिवेलागणीसारखा उजेड पडायचा, पत्र्यांना ऊन मिळेना, आणि मावशीला वीज पुरेना. टाकी रोज थोडी थोडी उतरू लागली.

प्रमुखांनी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. माणूस चांगला, फक्त वाईट बातमी सांगायची वेळ आली की कप पुसायला घ्यायचा. कप पुसत पुसत त्यांनी सांगितलं की मोसम संपेपर्यंत टाकी चार माणसांना पुरेल. सूनबाईचं बाळंतपण जवळ आलंय, तिला जास्त हवा लागेल, आणि मूल आलं की मुलालाही. ओढूनताणून तेही जमेल. पण खर्च पाचाचा होतोय. मिस्त्रींना हे माहीत असणारच.

मिस्त्रीने मान खाली घातली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हवा कमी पडली तर मोठी माणसं धापा टाकत का होईना तग धरतील, पोटातलं पोर धरणार नाही. हे त्यांनी अगदी हळू सांगितलं, आणि सुनेकडे न बघता.

खर्च कुठे होतोय ते प्रमुखांनाही दिसत होतंच. आकडे त्यांच्याकडेही होते. कप पुसून चकचकीत झाला तरी ते पुसत राहिले.

"मिस्त्री, ती खोली बंद करावी लागेल," ते म्हणाले. "मी केली असती. पण एकदा माझ्या हातून काय झालं होतं ते तुम्हाला माहीत आहे. आत कुणी असताना ते चाक फिरवायची हिंमत माझ्यात परत नाही."

आत कुणी असताना, असं ते म्हणाले. आणि टेबलाभोवतीच्या कुणीही त्यांना चुकलात असं म्हटलं नाही.

५

सून मिस्त्रीच्या मागोमाग मावशीपाशी आली. पोट सांभाळत, भिंतीला धरत. मावशीच्या अंगची ऊब मिळावी म्हणून तिथे एक बाकडं टाकलेलं होतं, त्यावर बसली.

"बाबा, तुम्हाला वाटत असेल मी त्या खोलीतून भीतीने निघाले," ती म्हणाली.

मिस्त्री म्हणाला की त्याला काहीच वाटत नाही. त्याला वाटायची सवय मोडलीय.

मग तिने सांगितलं. तो गेला त्याच रात्री तिला शेजारी त्याचा श्वास ऐकू आला होता, आणि भीती वाटायच्या ऐवजी तिला गाढ झोप लागली. दुसऱ्या रात्रीही. मग जाग आली तेव्हा ती धापा टाकत होती, ओठ सुन्न झाले होते, आणि पोटातलं मूल वळवळून शांत होत चाललं होतं. त्या खोलीत एकाच्याच श्वासाला हवा पुरत होती. तेव्हा ती उठून डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"त्याचा दोष नाही त्यात," ती म्हणाली. "झोपेत माणूस पांघरूण ओढून घेतो ना, तसं. त्याला माहीतच नाही तो कुणाचं घेतोय. रिवाजाप्रमाणे चाक मीच बंद करायला हवं होतं, खोली माझीही होती. दोनदा हात लावला बाबा. नाही झालं."

ती आता रडत होती, तो गेल्यानंतर पहिल्यांदाच. मिस्त्रीने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुम्ही करा," ती म्हणाली. "पण आधी त्याला सांगा. बाळ येतंय म्हणून सांगा. त्याला कळलं तर तो स्वतः सोडेल. तुम्ही बघा, तो सोडेलच."

६

दुपारी मिस्त्री त्या खोलीत गेला. जाताना हत्यारांची पिशवी घेतली होती, ती दारातच ठेवली. पोराकडे पाना घेऊन काय जायचं.

काचेवरची वाफ ओघळून खाली आली होती. पट्टी पुढे येत होती, मागे जात होती. तो सुनेच्या पलंगाच्या कडेवर बसला. आयुष्यभर त्याने मुलाशी कामाचंच बोलणं केलं होतं, हे धर, ते सोड, बोट काढ मधून. प्रेमाचं बोलणं दोघांनाही यायचं नाही. त्यामुळे आताही तो कामाचंच बोलला. धूळ फार आहे म्हणाला. टाकी उतरलीय. मावशीच्या नाकी नऊ आलेत. मग थोडा थांबून म्हणाला, "बाळा, तुझं पोर येतंय. त्याला हवा लागतेय."

पट्टीत काही फरक पडला नाही. झोपलेल्या माणसाला सांगितल्यासारखं ते बोलणं खोलीत पडून राहिलं.

तो उठला, दाराशेजारी गेला आणि चाकावर हात ठेवून फिरवू लागला. पहिले एक-दोन वेढे सहज बसले. पट्टीची लय मोडली. ती भराभर हलायला लागली, आखूड, अर्धी अर्धी. मग चाक अडलं.

मिस्त्रीने जोर लावला. चाक त्याच्या हातात उलटं फिरलं. थोडंसंच, पण उलटं. त्याचं सगळं आयुष्य गंजलेल्या, अडलेल्या, वाकलेल्या चाकांत गेलेलं. अडलेलं चाक अडून बसतं, परत फिरत नाही, हे त्याला शिकवायची गरज नव्हती. त्याने खांदा टेकला, दोन्ही हातांनी धरलं. गालावर कोमट, तुटका श्वास लागत होता, अगदी जवळून. त्याने मान वळवली नाही. पण नजर चाकावर होती, आणि चाकाच्या कडेला मुठीसाठी मऊ रबर बसवलेलं होतं. त्याच्या स्वतःच्या बोटांच्या शेजारी ते रबर आत दबलं होतं. खोल दबलं होतं, जिवाच्या आकांताने धरल्यावर दबतं तसं, आणि तिथे कुणाचा हात नव्हता.

"सोड रे," तो म्हणाला. "सोड राजा. तुझंच आहे ते."

रबर अजून दबलं.

मुलाला कळत नव्हतं. सून म्हणाली होती तसंच होतं, त्याला काहीच कळत नव्हतं, तो फक्त श्वास घेत होता. बुडणारा माणूस कुणाच्या गळ्याला मिठी मारतोय ते बघत नाही. आणि मिस्त्रीच्या अंगात आता तेवढा जोर उरला नव्हता. तरण्या हातांपुढे त्याचे हात हटत चालले होते, वेढा वेढा सुटत चालला होता. तेव्हा त्याने एक मिस्त्रीचा डाव केला. हात एकदम ढिले सोडले. समोरची ओढ क्षणभर गोंधळली, आणि त्याच क्षणी त्याने सगळं अंग टाकून झटका दिला. चाक फिरलं, पुन्हा फिरलं आणि तळाला जाऊन बसलं.

पट्टी जाळीकडे ओढली गेली आणि तिथेच चिकटून राहिली.

तो बाहेर आला, दार लावलं आणि पाठ टेकून उभा राहिला. आतून दाराला काहीतरी टेकलं. वाजवलं नाही, ढकललं नाही, नुसतं टेकलं. मधे एक दार, आणि अलीकडे बाप. मिस्त्री तसाच उभा राहिला, पाठीला ते वजन लागत होतं तोवर. ते हळूहळू हलकं होत गेलं. शेवटी पाठीला नुसतं गार दार लागलं, तेव्हा तो खाली बसला आणि तोंडावर हात दाबून रडला.

७

मावशी चार जणांची घुमू लागली. प्रमुखांनी आकडे बघितले आणि मिस्त्रीसमोर चहा आणून ठेवला.

सुनेने त्या संध्याकाळी एकच विचारलं. "सोडलं त्याने?"

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. डोळे सुजलेले, दोन्ही हात पोटावर. या बाईला अजून पोर जन्माला घालायचं होतं, वाढवायचं होतं, आणि रात्री झोपायचं होतं.

"हो," तो म्हणाला. "बाळाचं नाव काढलं मात्र, लगेच सोडलं. माझा नुसता हात लागला चाकाला."

तिने डोळे मिटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

मुलगी झाली. धूळ अजून उतरली नव्हती, पण हवा पुरली. पोर पहिल्या श्वासाला अशी काही किंचाळली की डॉक्टरीणबाई हसता हसता रडल्या. पुढे आभाळ मोकळं झालं, टाकी भरली, आणि प्रमुखांनी आपण होऊन सांगितलं की आता ती खोली उघडायला हरकत नाही. मिस्त्रीने उघडली. व्हॉल्व्ह पूर्ण सोडला आणि सकाळपासून दुपारपर्यंत पलंगावर बसून राहिला. हवा आली तशीच्या तशी परत गेली. खोलीत कुणी नव्हतं. त्याला वाटलं होतं सुटका होईल, आणि त्याला कळलं की जे होतं ते भयंकर होतं खरं, पण होतं.

मुलगी आता बोलायला लागलीय. झोपताना आईला रोज तीच गोष्ट लागते, आणि आईसुद्धा ती न कंटाळता सांगते. तुझे बाबा झोपले होते, ती सांगते. त्यांच्याजवळ एकच श्वास उरला होता. आजोबा त्यांना म्हणाले, बाळ येतंय. तर बाबा म्हणाले, मग हा घ्या, हा तिला द्या. असं म्हणून त्यांनी हसत हसत हात सोडला.

"हो ना आजोबा?" मुलगी पांघरुणातून विचारते.

"हो," मिस्त्री म्हणतो. "हसत हसत."

मग तो उठतो, मावशीकडे काहीतरी बघायचं राहिलंय म्हणतो, आणि हात पाठीमागे घेऊन गल्लीतून चालत जातो.